माझ्या वाटणीची गंगा

एकनाथचं पत्र आलं तेव्हा वेणूनं ते मोठ्यांदा वाचलं आणि वाचता वाचता एक ओळ गिळली. मला लगेच कळलं. वेणू वाचताना मधेच खाकरला की समजावं, काहीतरी घशाखाली गेलं. लहानपणी बाबांना परीक्षेचा निकाल सांगतानाही असाच खाकरायचा.

वेणू म्हणजे माझा धाकटा भाऊ, वेणीमाधव. कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क आहे, बाहेर लोक त्याला रावसाहेब म्हणतात, म्हणोत बापडे. एकनाथ त्याचा मुलगा, मुंबईत आगबोटीच्या कंपनीत कारकून. तिथं एका खोलीत राहतो, म्हणून त्याची बायको प्रभा आणि सात वर्षांची लेक नंदू इथं शुक्रवार पेठेत आमच्याकडंच असतात. पत्रात त्यानं लिहिलं होतं, माघात समुद्र शांत असतो, सगळ्यांनी मुंबईला या, इथून बोटीनं दाभोळला उतरू, खाडी ओलांडू आणि पुढं बैलगाडीनं गुहागर. आमचं कुलदैवत तिकडंच. आजोबा पोटापाण्यासाठी सोलापुरात आले, ते आलेच. त्यानंतर घरातल्या कुणी समुद्र बघितला नव्हता.

"म्हणजे आपण चौघं," पत्राची घडी घालत वेणू म्हणाला. "मी, ही, प्रभा आणि नंदू. एकनाथ मुंबईत आहेच. अक्का घर बघेल."

अक्का घर बघेल! एकनाथच्या लग्नाचं वऱ्हाड पुण्याला गेलं, अक्का घर बघेल. मंडळी गाणगापूरला निघाली, अक्का घर बघेल. किती बघू हो घर? कुठल्या फरशीखालून कधी मुंग्या निघतात तेसुद्धा मला पाठ झालंय. या घराला कुलूप विकत आणायची कधी गरजच पडली नाही.

"वन्संना बोटीबिटीचं झेपायचं नाही बाई," वेणूची बायको शकुंतला म्हणाली. झेपायचं नाही! पहाटे उठून आडाचं पाणी मी ओढते, आणि दहा पायऱ्या चढल्या की धाप हिला लागते.

दुपारी घर निजल्यावर पत्रं अडकवायच्या तारेतून ते पत्र काढलं. मला वाचता येतं. वेणू ओसरीवर बाराखडी घोकायचा आणि मी शेजारी डाळ निवडत बसायचे. त्याच्याआधी मला आली. गिळलेली ओळ सापडली. 'आत्याला आणल्याशिवाय येऊ नका. तिची जागा मी धरली आहे. लहानपणी समुद्राच्या एवढ्या गोष्टी तिनं सांगितल्या, आणि स्वतः बघितला नाही.'

तीनदा वाचली. डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला. रागच जास्त.

उठून देवघरात गेले आणि गडू घासायला घेतला. राग आला की मी गडू घासते. हा काशीचा गडू, तांब्याचा, कथिलानं तोंड बंद केलेला, आत गंगा. मी तेराव्या वर्षी घरी परत आले. नवऱ्याला मी चारदा बघितलं होतं, पाचव्यांदा तो तिरडीवर होता. माझं डोकं भादरलं, लाल अलवण नेसवलं आणि बाबा काशीला गेले. येताना दोन गडू आणले. म्हणाले, "एक माझ्या तोंडात घालायला आणि एक गोदेच्या." गोदा म्हणजे मी. त्यांचा त्यांना लागला. माझा राहिला. तेराव्या वर्षापासून माझ्या मरणाचं पाणी मी चिंचेनं घासून लख्ख ठेवतेय, आज मला एक्कावन्न वर्षं झाली.

आणि एक सांगून ठेवते. मला देवाची ओढ लागली होती असं कुणी समजू नका. देव मला रोज भेटतो की, त्याला अंघोळ मीच घालते. मला समुद्र बघायचा होता. सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडं पाणी म्हणून मी काही बघितलेलं नाही, आणि उन्हाळ्यात त्याचाही चिखल होतो. ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी मला बघायचं होतं. बस.

दुसऱ्या दिवशी दूधवाली तानाबाई आली. तिला म्हटलं, "निघायच्या आदल्या दिवशी चार शेर दूध जास्तीचं घाल."

"आवं अक्का, येवढं दूध कशाला? कुणाचं लगीन हाय का काय?"

"दशम्या करायच्यात वाटेला." दशमीचं पीठ दुधात भिजवतात. पाण्याचा थेंब नसतो, म्हणून ती प्रवासात बाटत नाही. आमच्यासारख्या सोवळ्यातल्या बायका दशम्यांवरच वाट काढतात.

"कुटं निगालात?"

"बोटीत बसायला."

"अगं आई! पान्यावर?" तानाबाईनं दुधाची चरवी खाली ठेवली आणि छातीवर हात मारला. "मला न्हाई बया धीर व्हायचा. वैरागच्या वाटंला वढ्यात पानी आलं तर मी डोळं झाकून घेती. तुमी खरंच जानार व्हय?"

"खरंच."

"लई झ्याक! जावा की! आमच्या वाटचं बी बगून या."

तानाबाईला सांगितलं ते काही उगाच नाही. तिच्या कानावर घातलं की पेठेत दवंडी पिटायला नको. संध्याकाळी दिवेलागणीला वेणू कचेरीतून आला तो पगडी खुंटीला न अडकवताच स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. आत येईना, मी सोवळ्यात होते ना.

"अक्का, हे काय चालवलंयस? कचेरीतला शिपाई मला विचारतोय, अक्कासाहेब बोटीनं निघाल्या म्हणे. तुला कुणी नेतो म्हणालं?"

"एकनाथ म्हणाला. तू खाकरलास तिथं."

चुलीपाशी शकुंतला पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. प्रभानं नंदूला जवळ ओढलं.

"बरं, लिहिलं असेल," वेणू म्हणाला. "पोरगं आहे ते. पण घरातल्या देवांचं काय? नंदादीप कोण बघणार?"

"समोरच्या पुराणिकांकडं देव नेऊन ठेवायचे. पुराणिक काशीला गेले होते तेव्हा त्यांचे देव चार महिने आपल्याकडं होते, आणि त्यांना रोज नैवेद्य मी दाखवलाय. त्यांच्या सुनेला विचारून आलेय मी."

"विचारून आलीस?"

"व्हय," मी तानाबाईसारखी म्हणाले. नंदू फस्सकन हसली.

"अगं पण समुद्रावर सोवळं मोडतं. शास्त्रात समुद्र ओलांडायला बंदी आहे."

"ओलांडतंय कोण? किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचंय. आणि काय रे, शास्त्र तुझ्या जानव्याला नाही लागत? तू बोटीत बसलास तर दर्शन, आणि मी बसले तर बाटले?"

"तुझी गोष्ट वेगळी. तुझं सोवळं..."

"माझ्या सोवळ्याचं तू मला सांगू नकोस हां वेणू!" माझा आवाज चढला, चढू दे म्हटलं. "मार्शल लॉच्या साली गांधी टोपी दिसली की पोलीस धरत होते. तुझी टोपी कुठं होती तेव्हा?"

वेणूनं मान खाली घातली.

"सांग की सुनेसमोर! माझ्या सोवळ्याच्या पेटीत होती, अलवणाच्या घडीत. पोलीस घरात शिरले, सगळी भांडी उपसली, आणि मी पेटीसमोर उभी राहून ओरडले, शिवाल तर खबरदार! ते मागं सरले. तेव्हा माझं सोवळं मोडलं ते कुणासाठी? आठ दिवस तुझी घामट टोपी माझ्या अलवणात होती. मी तोंडातून ब्र काढला नाही."

प्रभा तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघू लागली. वेणूचे कान लाल झाले. वाईट नाही माझा भाऊ. भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाला घरात एक माणूस जागचं हलू नये असं वाटतं. पण तो हेडक्लार्क आहे, फाइल हातची सोडत नाही. शेवटचा कागद त्यानं आता काढला.

"ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "खायला दशम्या नेशील. पाणी काय पिशील?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बोटीत तीनशे माणसं. डेकवर मांडीला मांडी लावून बसायचं. घरची कळशी भरून नेलीस तरी कुणाचा तरी धक्का लागणार, नंदू शिवणार. ते पाणी तू पिणार नाहीस. मी तुला ओळखतो. दिवसभर उन्हात पाण्यावाचून राहशील आणि चक्कर येऊन पडशील. मग मी काय करू, अक्का?"

खरं होतं ते. एवढ्या वर्षांत मी दुसऱ्यानं शिवलेलं पाणी प्यायले नाही. आधी लादलं म्हणून, मग माझ्याच हट्टानं. ज्यांनी माझे केस काढले त्यांना माझ्या कळशीला बोट लावायची छाती होत नव्हती, हा एवढाच काय तो माझा रुबाब. नंदूसुद्धा तान्ही होती तेव्हाच काय ती माझ्या मांडीवर. चालायला लागली तशी तिला शिकवलं, आत्याआजीला शिवायचं नाही. माझीच वेसण मी घट्ट धरून बसले होते, आणि वेणूनं नेमका तोच दोर ओढला.

"बघ," तो म्हणाला, अगदी मायेनं. "मी वाईट म्हणून सांगत नाही. तू घर बघ."

ते शब्द ऐकले आणि माझं डोकं फिरलं. तशीच उठले, देवघरात गेले आणि गडू घेऊन आले. स्वयंपाकघरात भरलेली तांब्याची कळशी होती, तिच्याशेजारी तो ठेवला.

"अक्का, ते काय करतेस?"

"गंगा पडलेल्या पाण्याला विटाळ नाही, असं बाबा म्हणायचे का नाही? पुराणिक म्हणतात का नाही? तूही नंदूच्या बारशाला म्हणालास."

"म्हणालो, पण तो गडू..." त्याचा चेहरा उतरला. "अगं, तो तुझा आहे. असा फोडतात का? गंगापूजन नाही, ब्राह्मणभोजन नाही. तो तुझ्या शेवटच्या वेळेसाठी ठेवलाय!"

"माझाच ना? मग झालं."

तोंडावरचं कथील नखानं कुठलं निघणार! विळी हवी होती, सुरी हवी होती, काहीच हाताशी येईना. एवढ्यात शकुंतलेनं चुलीत घातलेलं उलथनं बाहेर काढलं. टोक लाल झालं होतं. कधी तापत घातलं होतं तिनं, कोण जाणे. फडक्यात दांडा धरून तिनं ते माझ्यापुढं केलं आणि नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"भाजेल हां वन्सं," एवढंच म्हणाली.

मी टोक टेकवलं. कथील वितळून गडूच्या गळ्यावरून ओघळलं. आतून वास आला, जुन्या तांब्याचा, बंद कोनाड्याचा. अर्धी गंगा आटून गेली होती. उरलेली मी कळशीत ओतली, सगळी, शेवटचा थेंब झटकून. मग फुलपात्र बुडवलं आणि वेणूच्या डोळ्यांसमोर घटाघटा प्यायले.

"अक्का!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मरताना तुझ्या तोंडात..."

"मरताना मला तहान असेल का नाही, कोण जाणे. आत्ता आहे. तेरा वर्षांची असल्यापासून आहे!"

नंदू आईच्या हातातून सुटून माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबली, रोजच्यासारखी.

"आत्याआजी, गंगा घातलेली कळशी शिवली तर चालते?"

"चालते. शीव."

तिनं आधी एक बोट लावलं. मग दोन्ही हातांनी कळशीला मिठी मारली आणि गाल टेकवला. मी त्याच फुलपात्रानं त्याच कळशीतलं पाणी पुन्हा घेतलं आणि प्यायले. घशातून उतरताना ते थोडं अडखळलं, खोटं कशाला बोलू, पण उतरलं.

वेणू उंबरठ्यावरच बसला होता. मोठा हेडक्लार्क, पण बाबांचा मार खाल्ल्यावर बसायचा तसाच बसला होता. कळशीकडं बघत म्हणाला, "कळशी जड होईल तुला. गाडीत मी धरीन."

"धर. मी कुठं नको म्हणतेय?"

"पण अक्का, खरंच सांग. तुझ्या शेवटच्या वेळी मी काय घालू तोंडात? मला विचारतील लोक."

मी रिकामा गडू पदरानं पुसला आणि माझ्या बोचक्यात, दशम्यांसाठी काढून ठेवलेल्या फडक्याशेजारी ठेवला.

"येताना भरून आणते," मी म्हणाले. "समुद्राचं घाल."