मारव्यातला षड्ज

नारायणरावांनी कानांवरचा हेडफोन काढून गळ्यात अडकवला आणि कागदावर पाचपैकी साडेचार तारे टाकले. उरलेला अर्धा ते कुणालाच देत नसत, तो बहुधा स्वतःसाठी राखलेला असावा. मग लेख घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आठवडाभर अमरावतीच्या कोर्टात वकिली आणि रविवारच्या पुरवणीत शास्त्रीय संगीताच्या नव्या-जुन्या ध्वनिमुद्रणांचा निकाल, असा त्यांचा शिरस्ता होता. निकाल छापायला जाण्याआधी ते बायकोला वाचून दाखवत. चारुशीलाबाईंनी मान हलवायची, एवढंच त्यात अपेक्षित असे.

लग्नाआधी त्या स्वतः गात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचा रियाज ऐकून नारायणराव म्हणाले होते, सुरात आहे, पण विशेष नाही. तो निकाल कायम झाला. त्यांनी अपील केलं नाही.

आजचा लेख चारुशीलाबाईंच्याच गुरूंवर होता. बुवांची अकोल्यातली जुनी मैफल, राग मारवा, एका कंपनीनं साफसूफ करून नव्यानं काढली होती. मूळ कॅसेट चारुशीलाबाईंची, माहेराहून आणलेली. कंपनीनं जुनी मुद्रणं मागवली तेव्हा नारायणरावांनी ती परस्पर कुरियरनं धाडून दिली, एकदाही न ऐकता. खरखर त्यांच्या कानांना सोसत नसे. कॅसेट परत आली नाही. वेष्टनावर मात्र तबलजी आणि पेटीवाल्याच्या खाली ‘सौजन्य’ म्हणून नारायणरावांचं नाव आलं. मागे तंबोरा घेऊन बुवांना गळ्याची साथ करणाऱ्या दोन मुलींची नावं नव्हती. ती छापायची पद्धतच नाही.

एक तंबोरा चारुशीलाबाईंचा, दुसरा वच्छलेचा होता. तिचा सकाळीच अकोल्याहून, जुन्या शहरातून फोन आला होता.

“चारू, म्या दोनदा आयकलं वं. तुया आवाज कुठी गेला? काहून काढला त्यायनं?”

काढला असेल हे चारुशीलाबाईंना खरं वाटलं नव्हतं. त्यांचा आवाज टिकून राहिला होता तो त्या एका कॅसेटवर, दुसरीकडे कुठेही नाही. वच्छलेला आता कमी ऐकू येत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

नारायणराव वाचत होते. कंपनीनं संगणकाच्या मदतीनं मागचे सगळे आवाज पुसले आहेत, याचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी लेखातली आपली आवडती ओळ वाचली.

“मारव्यात षड्जाची, त्या ‘सा’ची, वाट पाहायला लावायची असते. बुवा त्याच्या दारापर्यंत येतात आणि थांबतात. तो षड्ज ते गात नाहीत, आपल्या मनात वाजू देतात. एवढं धाडस दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.”

चारुशीलाबाईंनी निवडलेली मेथी बाजूला सारली, हात धुतले, पदराला पुसले आणि हेडफोन मागितला.

त्या नारायणरावांच्या खुर्चीत बसून ऐकू लागल्या. थोड्या वेळानं त्यांची बोटं मांडीवर तंबोरा छेडू लागली. बुवांचा आवाज वर चढत गेला तशी त्यांची पाठ ताठ झाली, ओठ उघडले. आणि उघडेच राहिले. बोटं थांबली. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला, मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला होता.

“बुवा थांबले नव्हते,” त्या म्हणाल्या. “त्यांचा दम तुटला होता. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तो सा मी लावला.”

“कुठल्या मैफलीत?”

“याच.”

नारायणराव म्हणाले, मला सांगायचंस. त्या म्हणाल्या, कॅसेट पाठवताना विचारायचंत. मग नारायणरावांनी कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, साफ केलेलं तेवढंच आम्ही ठेवतो. जुन्या कॅसेटी कुठे ठेवणार, त्या टाकून दिल्या.

फोन ठेवून त्यांनी लेखातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. 

“ती ओळ काढून टाकतो,” ते म्हणाले.

“कशाला?” चारुशीलाबाई पुन्हा मेथी घेऊन बसल्या होत्या. “राहू द्या. माझ्या गाण्याबद्दल तुम्ही चांगलं लिहिलेलं तेवढंच आहे.”

नारायणरावांनी कागद पुढे ओढला. ओळ खरोखरच चांगली उतरली होती. त्यांनी ती तशीच ठेवली आणि लेख पाठवून दिला.