कुसुमताईंची हळद

"कुसुमताई, वक्ते येतायत, का त्यांना बोलवायचंच राहिलं?" मंडळाचे अध्यक्ष डॉ. गोपाळकृष्ण आगाशे यांनी पहिल्या रांगेतून विचारलं.

"खराडीहून कधीच निघालेत, सर. येरवड्याच्या पुलावर अडकलेत."

"म्हणजे आज नुसताच चहा."

कुसुम वाळिंबे पुन्हा दारापर्यंत जाऊन आल्या. सदाशिव पेठेतल्या या सभागृहात रसायनशास्त्रज्ञांच्या मंडळाची दरमहा सभा भरे, आणि ती भरवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. बिनपगारी, अर्थात. वक्ता गाठायचा, खुर्च्या मांडायच्या, वक्त्याची ओळख करून द्यायची, दिवे घालवून मागे उभं राहायचं आणि शेवटी आभार मानायचे. दिवसा त्या हडपसरला मसाल्याच्या कारखान्यात हळद तपासत. घरी गॅलरीतही हळदच तपासत, पण ते मंडळात कोणाला ठाऊक नव्हतं. उन्हात हळदीचा रंग कसा उडतो, यावर त्यांनी स्वतःच्या हौसेनं प्रयोग केला होता. त्याच्या ट्रान्सपरन्सी, प्रोजेक्टरवर ठेवायचे ते पारदर्शक कागद, त्या प्रत्येक सभेला पर्समधून आणत. कोणी विचारलंच तर असाव्यात म्हणून. कोणी विचारलं नव्हतं.

आज मात्र त्यांना राहवेना. त्या आगाशेंपाशी गेल्या.

"सर, तोवर मी बोलू? हळदीवर थोडं काम केलंय."

"तुम्ही? बोला की. पण ओळख कोण करून देणार? ते खातं तुमचंच."

सगळे हसले. कुसुमताईही हसल्या आणि मग त्यांना स्वतःचाच राग आला.

मागे जाऊन त्यांनी दिवे घालवले, पुढे येऊन ओव्हरहेड प्रोजेक्टर लावला. ट्रान्सपरन्सीचा खालचा भाग कोऱ्या कागदानं झाकला. ती या मंडळींची रीतच. निष्कर्ष आधी दिसला तर ऐकतंय कोण? पांढऱ्या काचेच्या बरणीतली हळद सांगून झाली, स्टीलच्या डब्यातली झाली. लोक चक्क ऐकत होते. आगाशेंनी चष्मा लावला. आता तपकिरी बाटली. ती कोणालाही वाटेल तशी वागली नव्हती. कुसुमताई कागद खाली सरकवणार, तोच दार उघडलं.

"सॉरी, सॉरी! टेरिबल ट्रॅफिक!" वक्ते राजस मराठे लॅपटॉपची बॅग सावरत आत आले. "मॅडम, तुम्ही कंटिन्यू करा ना. मी बसतो."

पण कुसुमताईंचा हात सवयीनं प्रोजेक्टरच्या बटणावर गेलाही होता. "छे छे, या ना आपण," असं त्याच म्हणाल्या. मागे जाऊन दिवे लावले. "आजचे आपले वक्ते..." ओळख तोंडपाठ होती.

मग पुन्हा दिवे घालवून, मागच्या भिंतीला टेकून त्यांनी प्रयोगशाळेतल्या सॉफ्टवेअरवरचं ते सगळं व्याख्यान ऐकलं आणि त्यातलं अक्षरही डोक्यात शिरलं नाही. राजस थांबा म्हणाले नव्हते. आगाशेही म्हणाले नव्हते. आपणच आपल्याला थांबवलं. या विचारानं त्यांना इतकी लाज वाटली, की पर्सचा बंद पिळून पिळून दोरीसारखा झाला.

टाळ्या झाल्या, दिवे लागले. आल्याच्या चहाचा वास आला. आभार कधी संपतात याची वाट बघत लोक अर्धवट उठले होते. कुसुमताई पुढे आल्या.

"आभार नंतर मानते. माझी तपकिरी बाटली राहिलीय."

"अहो, चहा निवेल!" मागून कोणीतरी म्हणालं.

"निवू दे."

एकदोघे बाहेर पडलेच. राजस मराठे पुन्हा खाली बसले, मग त्यांना बघून बाकीचे. ट्रान्सपरन्सी काचेवर गेली, कागद जागेवर बसला. उजेडात भिंतीवर काही दिसेना.

"दिवे घालवता का कोणी?" कुसुमताईंनी विचारलं. या वेळी त्या जागच्या हलल्या नाहीत.

कोणीच उठेना. दिवे नेहमी त्याच घालवत. बटणं कुठे आहेत हे त्या सगळ्या शास्त्रज्ञांमध्ये एकालाही माहीत नव्हतं. शेवटी आगाशे उठले. काठी टेकत मागे गेले, भिंत चाचपडू लागले. आधी पंखे बंद पडले. मग जिन्यातला दिवा गेला आणि चहावाला ओरडला. मग एकदाचा अंधार झाला.

आगाशे तिथेच, मागच्या भिंतीशी उभे राहिले. कुसुमताईंनी कागद काढला.