वानरखडकाचा शेंदूर

अण्णारावमामांना कीर्तनाचं वेड होतं. रेणापूर तालुक्यात कुठंही सप्ताह बसला की टाळ पिशवीत घालून ते निघायचे. परत आले की जेवणाच्या ताटावर अर्धं कीर्तन पुन्हा व्हायचं. महाराजांनी कुठं सूर लावला, मृदंगवाला कुठं चुकला आणि चुकून कुणाकडं बघितलं, सगळं साग्रसंगीत. ऐकायला एकटी सिंधु असायची, त्यांची भाची. मामी ती यायच्या आधीच देवाघरी गेल्या होत्या.

सिंधुचं गाव किल्लारीच्या बाजूला होतं. घराच्या भिंती हातभर रुंद, काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या. भूकंपात ते घर बसलं आणि आई, वडील, धाकटा भाऊ खालीच राहिले. तिला शेजाऱ्यांनी ओढून काढलं. मामा तिला घेऊन आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामांचं घरही दगडाचंच. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली ती राहिलीच. मामांनी तिला ओढलं नाही की समजूत घातली नाही. अंगणात पत्र्याचं शेड घातलं आणि स्वतःचंही अंथरूण तिथंच आणून टाकलं. लोक थट्टा करायचे, "अण्णाराव, भाचीनं वनवासाला काढलं की तुम्हाला." मामा म्हणायचे, "रामरायाला जमलं, मला न जमायला काय झालं?"

गावाच्या माळावर वानरखडक होता. काळा, सरळ उभा, पिंपळाएवढा उंच. उन्हं कलली की वानरं त्यावर येऊन बसायची, म्हणून ते नाव. एकदा मामा तिला तिकडं घेऊन गेले. ती लांबच थांबली. मामांनी खडकावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "सिंधे, तुझ्या घराची दगडं माणसानं रचली होती, म्हणून पडली. हा खडक कुणी रचला न्हाई. हा जमिनीतून वर आलाय, झाडावानी. हा कुठं पडंल?"

बऱ्याच वेळानं तिनं हात लावला. दगड उन्हानं ऊबदार झाला होता. मग दुसरा हात, मग एका खाचेत पाय. मामा खाली दोन्ही हात पसरून उभे होते आणि तोंडानं नाम चाललं होतं. भूकंपानंतर दगडाला भिऊन न रडलेली ती पहिली संध्याकाळ.

त्या खडकानंच तिला वाढवलं म्हटलं तरी चालेल. कॉलेजात गिर्यारोहणाच्या शिबिरात ती दोर लावायला शिकली, लातूरच्या एका शाळेत खेळाची बाई म्हणून लागली, आणि रविवारी मुलींना घेऊन वानरखडकावर येऊ लागली. तोवर लातूरचं रूप पालटलं होतं. जिकडंतिकडं क्लासेस, होस्टेलं, मेस. बाहेरगावच्या पोरी आठ बाय दहाच्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसायच्या. त्यांतल्या काही जणी तिच्याकडं यायच्या. नांदेडची मृण्मयी त्यातलीच. डॉक्टरकीची परीक्षा दुसऱ्यांदा देत होती, आणि पहिल्यांदा नापास झाल्यापासून फारसं बोलतच नव्हती. तिसऱ्या रविवारी ती खडकाच्या माथ्यावर पोचली आणि वरून ओरडली, "म्याडम, इथनं आमचं होस्टेल दिसतच न्हाई." आणि हसली. मामा खाली पाण्याची कळशी घेऊन बसले होते. म्हणाले, "ही पोरगी पास झाली बघ."

शहर वाढत वाढत माळापर्यंत आलं. माळाच्या मालकानं जमीन विकली. घेणारा अंबरीश, लातूरचा बिल्डर, चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. त्याला तिथं होस्टेलं आणि फ्लॅट काढायचे होते. खडक सुरुंग लावून फोडायचा आणि त्याचीच खडी इमारतींच्या पायात भरायची, असं ठरलं.

सिंधुनं अर्ज केले. तहसिलातल्या साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, "बाई, खेळाची जागा म्हणून याची नोंद कुठं आहे? कागदावर ही पडीक जमीन." होस्टेलच्या रेक्टरबाई म्हणाल्या, पालक फी अभ्यासाची भरतात, चढण्याची नाही. ती अंबरीशकडंही गेली. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. "ताई, तुमची तळमळ समजते," तो म्हणाला. "आपण गच्चीवर पोरींसाठी प्लास्टिकची भिंत करून देऊ. रंगीत."

ते ऐकून मामा त्या दिवशी जेवले नाहीत. सोमवारी सुरुंगासाठी भोकं पाडायचं मशीन येणार होतं.

शनिवारी सकाळी काकडा आटोपला आणि मामांनी भजनी मंडळाला माळावर चला म्हटलं. बरोबर घरातली शिडी आणि घमेलंभर शेंदूर, तेलात कालवलेला. खडकाच्या पुढच्या अंगाला, माणसाच्या गुडघ्यापासून शिडीवरून हात पोचेल तिथवर, मामांनी तो दोन्ही हातांनी थापला. चांदीचे डोळे बसवले, नारळ फोडला, टाळ धरला. दुपारपर्यंत चार गावांत झालं की वानरखडकावर मारुती प्रगटला.

सोमवारी मशीन आलं. चालवणारा गुरुपादप्पा, निलंग्याकडचा. खाली उतरला, बघितलं, चपला काढल्या आणि हात जोडले. मुकादम म्हणाला, "काय बघून राहिला? लाव की."

"मी न्हाई लावणार साहेब. घरात लेकरं हायेत माझ्या."

मशीन परत गेलं. संध्याकाळी सिंधु लातूरहून आली आणि मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. मामांच्या नखांत अजून शेंदूर होता. "पण मामा, हा आता देव झाला," ती म्हणाली. "आम्ही चढायचं कसं?"

मामा मनापासून हसले. त्याचा विचार त्यांनी आधीच केला होता. "अगं, ज्यानं समुद्र उडी मारून वलांडला, द्रोणागिरी तळहातावर आणला, त्याला पोरी अंगाखांद्यावर चढल्या तर राग यील का? उलट खुश होईल. दुसरा कुठला देव चालला नसता. म्हणून तर मी मारुतीच केला."

पुढच्या रविवारी मुली दोर घेऊन आल्या तेव्हा माळावर जत्रा होती. खडकाच्या अंगावरून तेल ओघळत होतं. गावातली चांगुणाबाई पुढं आली. मामांच्याच वयाची, सप्ताहात पहिल्या रांगेत बसणारी.

"सिंधे, दोर कशाला आणलास माय?"

"नेहमीसारखंच, मावशी."

"देवाला पाय लावतीस? आन् पोरींना घिऊन?"

मामांनी पुढं होऊन समुद्र, द्रोणागिरी, सगळं सांगितलं. छान सांगितलं. लोक हसले, दोघांनी माना डोलावल्या. मग चांगुणाबाई हळूच म्हणाली, "अण्णाराव, मारुती ब्रह्मचारी हाय ना? आम्ही बाया जलमभर लांबून हात जोडत आलो. ह्या पोरी डायरेक खांद्यावर बसणार?"

मामा मागं सरले. इतकी वर्षं कीर्तनं ऐकलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. त्यांना सिंधु बाईमाणूस म्हणून कधी दिसलीच नव्हती. ती त्यांची सिंधी होती, खडकावर चढणारी.

मृण्मयी शेंदराकडं बघत होती. तिचा पहिला पाय जिथं पडायचा ती खाच बुजली होती. तिनं दोर गुंडाळून पिशवीत भरला. महिन्याभरात तिचे वडील येऊन तिला नांदेडला घेऊन गेले. परीक्षा तिनं दिलीच नाही.

अंबरीश आला तो सोवळं नेसून. त्यानं अभिषेक केला आणि भर लोकांत मामांच्या पाया पडला. "मामा, तुम्ही माझे डोळे उघडले." नकाशा बदलला. खडक मधोमध ठेवला, भोवती फरशी, स्टीलचा कठडा, पुढं सभामंडप. चारी बाजूंना इमारती उठल्या, गच्च्यांनी खडकाचा माथा झाकला. नाव मारुती रेसिडेन्सी. देवळाकडं तोंड असलेले फ्लॅट आधी गेले, असं म्हणतात. कठड्यावर पाटी लागली: महिलांनी दर्शन बाहेरून घ्यावे. वानरं आली तर वॉचमन फटाके लावायचा.

हनुमान जयंतीला तिथं पहिला सप्ताह बसला. मामांना शाल, श्रीफळ, आद्य भक्त म्हणून सत्कार. मामा टाळ घेऊन उभे राहिले, पण त्यांचा टाळ वाजत नव्हता. नुसता हातात होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, वैशाखातल्या एका दुपारी, सिंधु गावी आली तर मामा शेडमध्ये नव्हते. ती माळावर गेली. ऐन उन्हात मंडप रिकामा होता आणि वॉचमन सावलीला पेंगत होता. मामा कठड्याच्या आत उभे होते. पायाशी रॉकेलची बाटली, हातात जुन्या धोतराचं फडकं.

"मामा, हे काय?"

"पुसून टाकतो. मी लावला, मीच काढतो." त्यांनी फडकं उचललं, खडकापाशी नेलं आणि हात तिथंच थांबला. "सकाळधरनं तीनदा आलो," ते म्हणाले. "हात जात न्हाई गं. आधी नुसता खडक होता तवा लावायला काय वाटलं न्हाई. आता बघतंय ते माझ्याकडं." फडकं खाली घेत म्हणाले, "माहूरच्या रेणुकामाईचं नाव घिऊन लावला असता तर..."

"तरी पाय लागले नसते, मामा."

"तू धर फडकं. तुझा खडक हाय."

सिंधुनं कठडा ओलांडून आत येत फडकं घेतलं. चांदीचे डोळे, त्याखाली ओघळलेलं तेल, तेलात अडकलेली रुईची पानं. मामांकडं बघितलं तर त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलत होते. त्या पहिल्या संध्याकाळी हात पसरून उभे होते तेव्हा हलत होते, तसेच.

तिनं फडक्याची घडी केली. बाटलीचं बूच लावलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "खडक राहिलाय. फोडला असता."

"हात तरी लाव एकदा. कुणी न्हाई बघत."

ती पुढं झाली. सवयीनं बोटं डाव्या अंगाच्या खाचेकडं गेली. तिथं चार बोटं बसायची आणि अख्खं अंग पेलायचं. तिनं जरा जोर दिला. बोटं तेलावरून सरकून खाली आली. दगड खाली तसाच होता, उन्हानं तापलेला. पण धरायला काही उरलं नव्हतं.

"लागला का?" मामांनी डोळे न उघडता विचारलं.

"लागला."

मामांनी डोळे उघडले. तिच्या बोटांना लागलेला शेंदूर त्यांना दिसला आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी कपाळ पुढं केलं. सिंधुनं तो त्यांच्या कपाळाला लावला, उरलेला पदराला पुसला, आणि त्यांना हात धरून कठड्याबाहेर आणलं.