वाटीभर मलम

मित्रांनो, मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यातलं जुनं सोनोग्राफी मशीन. कारखान्यातून आलो तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. आता एक चाक कुरकुरतं आणि बटणांवर चिकटपट्टी आहे. दसऱ्याला माझी पूजा होते, बाकी वर्षभर माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे ठेवतात.

मला माणसाच्या पोटातलं दिसतं, पण मान मिळतो जेलीला. ती थंडगार जेली अंगाला लावल्याशिवाय मला आतलं नीट दिसत नाही, एवढंच तिचं काम. पेशंट मात्र तिलाच औषध समजतात. "मलमानं बरं वाटलं," म्हणत उठतात आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. जीव जळतो हो अगदी.

परवा बुधराम आला. तलावात मासे धरणारा माणूस, तोंड आणि पाय सुजलेले. आमच्या डॉक्टर स्वाती मॅडमनी माझ्या पडद्यावर बघत बघत सुईने त्याच्या किडनीचा बारीकसा तुकडा तपासणीसाठी काढला. मग लगेच पुन्हा माझ्याकडून बघून घेतलं. सगळं ठीक होतं.

"आता उताणं पडून राहायचं. दुखलं किंवा लघवी लाल झाली तर लगेच सांगायचं," मॅडमनी बजावलं.

पण दुसऱ्या दिवशी तलावात मोठं जाळं पडणार होतं आणि बुधरामचा जीव तिकडे. मॅडमनी विचारलं की तो म्हणे, "काहीच नाही दुखून राहिलं." मी कोपऱ्यात बंद. मला काय कळणार?

दुपारी त्याची बायको मंदाबाई स्टीलची वाटी घेऊन दाराशी आली.

"बाई, थे थंडं मलम वाटीभर द्या न. यायची कंबर भलती दुखून राहिली. मीच चोळून देते."

मॅडम ताडकन उठल्या. मला ढकलत नेलं, चाक बोंबलत होतं. बघतो तर किडनीभोवती काळा डाग. सकाळी तो नव्हता. आत रक्त साचत होतं, आणि रंगीत चित्रात त्याची बारीक धार अजून वाहताना दिसत होती.

"दुखतंय ते लपवलं कशाला?"

"मले वाटलं, तुमी सुट्टीच देनार नाही," बुधराम पुटपुटला. मंदाबाई वाटी छातीशी धरून उभी होती.

सलाइन लागलं, रक्ताची पिशवी आली, नागपूरला न्यायला गाडी दाराशी लागली. मॅडम थोड्या थोड्या वेळाने मला लावून बघत होत्या. खरं सांगतो, मला भीती वाटली. शेवटी धार थांबली, डाग वाढायचा थांबला आणि गाडी रिकामी परत गेली.

बुधरामला घरी सोडलं त्या दिवशी मंदाबाई माझ्यासमोर आली. मी ताठ उभा राहिलो. तिने जेलीच्या बाटलीला हात जोडले. "या मलमानंच वाचवलं यायले."

मला आधी राग आला. मग वाटलं, बाई चुकली कुठे? ती मलम मागायला आली नसती तर मी कोपऱ्यातच बसलो असतो.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्या डोक्यावर डबे ठेवू नका. पण मुख्य म्हणजे, दुखलं तर सांगा. मला आतलं सगळं दिसतं, पण आधी कुणीतरी मला तिथवर न्यावं लागतं. मलमासाठी सांगितलंत तरी माझी हरकत नाही.