सातव्या मिश्रणाची मूठ

इपॉक्सी, म्हणजे ओतून घट्ट करायची राळ, हा तसा हट्टी प्राणी. एकदा घट्ट झाला की दगड, आणि दगडासारखाच ठिसूळ. त्यात रबर मिसळलं की थरथर पोटात घेतो, पण ताकद घालवून बसतो. ती परत आणायला धुळीहून बारीक चिकणमाती घालायची, तर थरथर पुन्हा जागी. प्रयोगशाळेतल्या ताईंनी या तिघांची मनधरणी करण्यात सहा वर्षं घातली, आणि सातव्या मिश्रणात तिघं एकदाचे गुण्यागोविंदाने नांदले.

ताईंची सगळी घाई धाकट्या भावासाठी होती. तो ओतकामाच्या कारखान्यात ग्राइंडर चालवायचा. दिवसभर हातात थरथरतं यंत्र, बोटं पांढरीफटक, आणि कळा अशा की झोपेचं खोबरं. हे काम सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो सोडायला निघालाही होता. ताईंनीच त्याला अडवलं. "थांब जरा, मी तुझ्या ग्राइंडरला थरथर गिळणारी मूठ करून देते." त्याच्या पंजाच्या मापाने त्यांनी ती स्वतः ओतली. त्याला आता आठ महिने झाले होते.

आज दुपारी वर्कशॉपचा फिटर प्रयोगशाळेतला शिकंजा साफ करायला आला. चाचणीची पट्टी एका टोकाला त्यात पकडायची, दुसऱ्या टोकाला टिचकी मारायची आणि थरथर किती लवकर मरते ते पडद्यावर बघायचं, एवढंच त्या शिकंज्याचं काम. सातव्या मिश्रणाची पट्टी त्यात होतीच. फिटरने ती हलवून पाहिली.

"बाई, ही तर डुगडुगतेय. पाना लावत नाही का तुम्ही?"

"नको हो, चिरेल. आधीच्या सगळ्या तशाच तडकल्या. मी बोटांनीच आवळते."

"काही होत नाही," म्हणत त्याने पान्याने दोन आटे दिलेसुद्धा.

पट्टी तडकली नाही. ताकद खरी होती. ताईंनी टिचकी मारली, आणि पडद्यावरची रेघ नाचायला लागली ती थांबेचना. पुन्हा मारली, पुन्हा तेच. म्हणजे इतके दिवस थरथर गिळत होते ते शिकंज्याचे ढिले जबडे. मिश्रणाने काहीच गिळलं नव्हतं. लेकराला जपावं तसा जपून आवळलेला तो स्क्रू! सहा वर्षं पाण्यात गेली हे ताईंना सुचलंही नाही; त्यांना दिसत होती ती फक्त मूठ. तशाच त्या भावाच्या घरी निघाल्या.

भाऊ स्वयंपाकघरात होता.

"ये ये! तुला सांगणारच होतो. महिना झाला, कळ म्हणून नाही! काय मूठ केलीस गं. आता जादा पाळ्याही घेतो."

"वन्सं, ते सगळं खरं," भावजय आतून म्हणाली, "पण शर्टाची बटणं मला लावायला लागतात हल्ली."

"लाड करून घेतो जरा," भाऊ हसला.

मूठ थरथर अडवत नव्हती. मग कळ कशाने थांबली, हे ताईंना लख्ख कळलं. भावाने गॅसवरून नुकताच उतरलेला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला, पेला मुठीत घट्ट धरून चालत आला आणि त्यांच्या हातात दिला. ताईंच्या हातून तो खाली पडला. त्यांची बोटं भाजून निघाली होती.

भाऊ आपल्या लालबुंद तळहाताकडे न बघताच म्हणाला, "काय झालं? गरम होता का?"