सत्कारमूर्ती

आमच्या पारनेरकडे माणसानं काही केलं की त्याचा सत्कार करतात. नुसतं करायला घेतलं तरी करतात. हे मला वेळेवर सुचलं असतं, तर मी चोरून शिकले असते.

बी.ए.चं दुसरं वर्ष झालं आणि माझं लग्न लागलं. तिसरं राहिलं ते राहिलंच. मग दोन लेकरं, कांद्याचं रान, सासऱ्यांचं आजारपण. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी घरात विषय काढला. माझ्या सासूबाई केशरबाईंनी ऐकून घेतलं. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "व्हय, जा. पन हे एक सेमिस्टर. समद्या विषयांत पास झालीस तर पुढचं बघू. एक जरी राह्यला तरी दप्तर गुंडाळायचं. मी काय जलमभर तुजी लेकरं सांभाळनार न्हाई."

अट कडक होती, पण सरळ होती. मी कबूल केली.

या सेमिस्टरचा एकही तास वाया घालवायचा नाही, असं मी ठरवलं. पहिल्या बाकावर बसायचे. पोरी मला काकू म्हणायच्या, म्हणू देत. दोन तासांच्या मधल्या वेळात लायब्ररी, एसटीत पुस्तक, कुकरची शिट्टी होईस्तोवर पुस्तक. अर्थशास्त्र तर मला पहिल्यांदाच कळायला लागलं, कारण मागणी-पुरवठा म्हणजे काय ते मी कांद्याच्या लिलावात उभी राहून बघितलं होतं. शेख सर प्रश्न विचारायचे आणि माझा हात आपोआप वर जायचा. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तेवढ्यात आमच्या ह्यांनी फ्लेक्स लावला.

कल्याण, म्हणजे माझे यजमान, पिकअपवर कांदा वाहतात आणि गावच्या पुढच्या निवडणुकीवर डोळा ठेवून आहेत. गावच्या स्टँडवर भला मोठा फ्लेक्स लागला. "संसार सांभाळून पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या सौ. पंकजाताई यांचे हार्दिक अभिनंदन." त्यावर ह्यांचा फोटो गॉगल लावलेला आणि माझ्यापेक्षा मोठा. माझा लग्नातला कापून घेतलेला, कारण डोक्यावर पदर असलेला तेवढाच सापडला.

"अजून मी पास कुठं झालेय?" मी म्हणाले.

"अगं, पास झाल्यावर परत लावू की!"

मग रांगच लागली. महिला मंडळ, पतसंस्थेचा वर्धापनदिन, गणपती मंडळ. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. पाहुणे आल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही आणि पाहुणे वेळेवर आले तर ते पाहुणे कसले? तास चालू असताना मी कुठल्या तरी मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायचे. नाही म्हटलं की ह्यांचं तोंड उतरायचं. "लोकं मान देत्यात अन् तुला त्याचा राग?" बुडालेले धडे मी पोरींच्या वह्या मागून उतरवायचे.

नवरात्रात कॉलेजनंच नवदुर्गा सन्मान ठेवला. नेमका त्या दिवशी, ज्या दिवशी अकराला अर्थशास्त्राची अंतर्गत परीक्षा होती. मी प्राचार्यांना सकाळीच सांगितलं. ते म्हणाले, "साडेनऊचा कार्यक्रम आहे ताई, दहाला मोकळ्या." पाहुणे दहाला नगरहून निघाले. अकराला मी खुर्चीतून उठले, तर प्राचार्यांनी हातानंच खाली बसवलं. "अहो, तुमच्यासाठीच तर सगळं! स्टेज रिकामं दिसेल." समोर सगळा हॉल बघत होता. आणि मी बसले. आजही त्या बसण्याचा मला स्वतःचाच संताप येतो.

पाहुणे आले. स्त्रीशिक्षणावर बोलले, भरपूर बोलले. माझ्या खांद्यावर शाल पडली तशी मी जिन्याकडे धावले, हातात नारळ तसाच. वर शेख सर पेपर गोळा करून गठ्ठा बांधत होते.

"सर, मी खालीच होते. माईकवर माझं नाव ऐकलं असेल तुम्ही."

"ऐकलं," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "पण फेरपरीक्षा आजारी असलेल्यांची नाहीतर कॉलेजच्या कामाला गेलेल्यांचीच घेता येते. तुम्ही कॉलेजच्या कामाला होतात असं प्राचार्यांनी सांगितलं, तर मी उद्या घेतो."

मी प्राचार्यांकडे गेले. ते पाहुण्यांबरोबर जेवत होते. हसून म्हणाले, "ताई, सत्काराला काम कसं म्हणणार? तो तर तुमचा सन्मान!"

लेखी परीक्षेत मी वर्गात दुसरी आले. अर्थशास्त्राच्या अंतर्गतमध्ये गैरहजर, म्हणून तो विषय राहिला. केशरबाईंनी मला शिव्या दिल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. फक्त म्हणाल्या, "ठरल्यालं हाय आपलं." ह्यांच्याकडे बघितलं तर हे मोबाईलमध्ये. फ्लेक्स मात्र स्टँडवर तसाच होता. पास-नापासचं त्यावर काही लिहिलेलंच नव्हतं ना!

मी दप्तर गुंडाळलं.

मार्चमध्ये महिला दिनाला कॉलेजचं बोलावणं आलं. प्रमुख पाहुण्या, सौ. पंकजाताई. मला वाटलं घरात नाही म्हणतील. तर केशरबाई म्हणाल्या, "जा की! मान देत्यात तर न्हाई म्हनू ने. लेकरं मी बगते." ह्यांनी कांद्याची खेप दुसऱ्यावर टाकली आणि पिकअप धुऊन आणला. वर्गात जायला एसटी होती, स्टेजवर जायला घरची गाडी.

हॉल भरलेला होता. वरचे सगळे तास बंद करून पोरी खाली आणून बसवल्या होत्या. दुसऱ्या रांगेत एकजण मांडीवर पुस्तक उघडून, मान खाली घालून काहीतरी पाठ करत होती. एका मॅडमनी येऊन ते मिटायला लावलं.

मी माईक धरला. पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हणाले, "पोरींनो, जिचा आत्ता तास बुडत असेल, पेपर असेल, तिनं उठून जावं. माझ्यासाठी बसू नका. कुणी खाली बसवलं तरी बसू नका. आत्ता उठा."

दुसऱ्या रांगेतल्या तिनं माझ्याकडे बघितलं, मग प्राचार्यांकडे. मी वाट बघत राहिले.

तेव्हा प्राचार्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. तीही, पुस्तक मांडीवर ठेवून.

एकही उठली नाही. मला शाल घातली.