झऱ्याला बसवलेली नळी

बनू नववीची परीक्षा देऊन पाटणहून धनगरवाड्यावर चढून आली, तर तिची आई राहीबाई झऱ्यापाशी रिकामा हंडा घेऊन बसलेली. झऱ्यात बोटभर चिखल. कपारीतून एक लोखंडी नळी निघून थेट खाली, धरणाच्या साहेबांच्या वसाहतीकडे उतरलेली. खाली जलाशय नजर पोचेल तिथवर पसरलेला; पण त्यात हंडा बुडवायला गेलं की पहारेकरी काठी उगारायचा.

"कुणी केलं हे?" बनूने विचारलं. राहीबाईने मान वळवून केरबाच्या खोपटाकडे पाहिलं.

केरबा म्हणजे वाड्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस. तहानेल्याला पाणी द्यायचं, आणि ते कुठनं येतं तेही दाखवायचं, ही वाड्याची रीत. पाण्याचं तोंड लपवलं तर झरा रुसतो म्हणे. माघात दुर्बीण घेऊन धरणाचे मोजणीवाले आले, तेव्हा केरबाने हौसेनं कपारीवरची फरशी सरकवून त्यांना झऱ्याचा डोळा दाखवला. वर ताकही पाजलं.

बनूच्या अंगाचा भडका उडाला. "तात्या, तुमी चोराला तिजोरी उघडून दावली."

"पाण्याला कवा तिजोरी असती व्हय गं पोरी?" केरबा म्हणाला.

तिचा राग तिथून उठला आणि नळीच्या वाटेनं खाली निघाला. मागोमाग केरबा, राहीबाई आणि चार बाया.

साहेब व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांनी शांतपणे समजावलं. समुद्राकाठचं अणुकेंद्र धड चालत नाही, परदेशातनं इंधन येईना, सगळा भार या धरणावर. जलाशयाचा थेंबन्‌थेंब मुंबईच्या विजेसाठी राखलेला, म्हणून वसाहतीला झऱ्याचं पाणी घ्यावं लागलं. देशासाठी थोडं सोसायला हवं.

"मग तुमचे गुलाब का सोसत नाहीत?" बनूने विचारलं. माळी तेव्हा वाफ्यात नळी धरून उभा होता. "आमच्या वाड्यावर एक दिवा नाही, साहेब. अंधार आमचा, तहानही आमचीच. मग देश कुणाचा?"

साहेबांनी कप खाली ठेवला आणि झऱ्याच्या मालकीचा कागद मागितला. कागद नव्हता. मग अर्ज करा, पावसाळ्यानंतर बघू, म्हणाले. पावसाळ्यानंतर! तोवर म्हशींची हाडं मोजता आली असती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी केरबाने सगळ्या म्हशी सोडल्या. चाळीसेक म्हशी पाण्याच्या वासानं उतरत गेल्या, नळीनं भरलेल्या वसाहतीच्या उघड्या टाकीवर तुटून पडल्या आणि पोट भरल्यावर गुलाबांच्या ओल्या वाफ्यात खुशाल बसल्या. साहेब धावत आले. सगळी जनावरं कोंडवाड्यात घालतो, म्हणाले.

"घाला की," केरबा म्हणाला. "तितं सरकारला पानी पाजावं लागतंय त्यास्नी. आमचं काम हलकं हुतंय."

पहारेकऱ्याला हसू आवरेना. साहेबांनी एका म्हशीला छडीनं ढोसून पाहिलं. तिनं कानही हलवला नाही.

म्हशींमागोमाग उतरलेल्या बायांनी तोवर टाकीवर हंडे भरले. कुणी अडवलं नाही. पण भरला हंडा डोईवर घेतानाही बनूची कानशिलं तापलेलीच होती. आपल्याच झऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या टाकीतनं उचलायचं!

"नळी निघेपर्यंत रोज येणार," तिनं साहेबांना बजावलं, आणि चढाला लागली.